कोबीची संमती

ओल्डेरहाव्हन शहरात महाग भाजी कुणालाही मिळते. स्वस्त भाजी मात्र आधी गिऱ्हाइकाची मुलाखत घेते.

हेमलता वाघचौरे श्रीरामपूरहून तिथल्या वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून गेली, तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. पहिले तीन महिने तिनं पाव आणि तयार सूप यांवर काढले. दोन्ही तिला परवडेनात आणि घशाखालीही उतरेनात. शेवटी एका शनिवारी ती पिशवी घेऊन स्वस्त भाजीच्या मंडईत गेली.

बटाट्यांनी तिला पाच मिनिटांत नाकारलं. कांद्यांनी "बारीक चिरणार" एवढंच ऐकलं आणि फाइल बंद केली. गाजरांनी पदार्थाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, "परतून भाजी." गाजरांनी तिला पदार्थांची नोंद ठेवणाऱ्या निबंधकांकडे पाठवलं.

निबंधक ब्रुनेर हे उंच, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी जाड नोंदवही उघडून शांतपणे पाहिलं.

"शहरात तीनशे अठ्ठेचाळीस पदार्थ नोंदलेले आहेत. फोडणीचा एकही नाही."

"मग नोंदवा ना."

"त्यासाठी तो एकदा शिजायला हवा. शिजण्यासाठी एखाद्या भाजीची लेखी संमती हवी. आणि न नोंदलेल्या पदार्थाला भाज्या सहसा संमती देत नाहीत."

"तोवर मी काय खाऊ?"

"महाग भाजी," ब्रुनेर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

तिनं आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, भाजीला कसली मुलाखत? पिशवीत टाकायची नि निघायचं."

"इथं तसं चालत नाही, आई."

"मग नीट बोल तिच्याशी. तू पेशंटशी बोलतेस तशी."

पुढच्या शनिवारपासून हेमलता मंडईतल्या बाकावर बसू लागली. अर्ज नाही, विनवणी नाही. मोहरी कधी तडतडते, हिंग केव्हा घालायचा, हळद करपली तर काय होतं, हे ती मोडक्यातोडक्या स्थानिक भाषेत सांगत राही. मुळे हसायचे. फ्लॉवर पाठ फिरवून बसायचा. एका शनिवारी बर्फ पडलं आणि मंडईत दुसरं कुणी फिरकलं नाही, तरी ती दुपारपर्यंत बोलत होती.

सहाव्या शनिवारी कोपऱ्यातल्या फळीवरून प्रश्न आला, "सोबत कोण असतं?"

एक जुना कोबी होता. वरची पानं पिवळी पडली होती. अकरा गिऱ्हाइकांना त्यानं नाही म्हटलं होतं, कारण सगळ्यांना त्याचं सूप करायचं होतं. सोमवारी त्याला टाकून देणार होते.

"हरभऱ्याची डाळ," हेमलता म्हणाली. "गावाहून माझ्या सामानात आली आहे."

"स्वभावानं कशी आहे?"

"अबोल आहे. पण आधी भिजवली तर कुणाशीही जमवून घेते."

कोबीनं विचार केला. "तुम्ही खोटं सांगत नाही ना?"

"मी रोज नव्वदीच्या माणसांना इंजेक्शन देते. दुखणार असेल तर दुखेल म्हणूनच सांगते. चिरताना दुखेल. पुढचं मला माहीत नाही."

"बाकीची गिऱ्हाइकं म्हणाली होती, काहीच कळत नाही," कोबी म्हणाला, आणि त्यानं संमतीच्या कागदावर पान टेकवलं.

रविवारी दुपारी निबंधक ब्रुनेर स्वतः तिच्या स्वयंपाकघरात वही घेऊन उभे राहिले. कोबी ओट्यावर होता. हेमलतानं सुरी धुऊन घेतली.

"आणखी काही सांगायचंय?" तिनं विचारलं.

"झाकण ठेवू नका. काय चाललंय ते मला ऐकायचंय."

ती नेहमी झाकण ठेवायची. आज ठेवलं नाही. पाण्याचा हबका मारत, ढवळत, ती कढईपाशी उभी राहिली. सुरुवातीला कोबी मधूनमधून विचारत होता, "ही मोहरी का?" "ही डाळ का?" ती "हो" म्हणत होती. मग त्यानं विचारणं थांबवलं. तरी ती "आता मीठ घालते", "आता झालंच" असं सांगत राहिली.

तिनं ताटात भाजी आणि दोन पोळ्या वाढून घेतल्या. निबंधकांना चव घ्यायची परवानगी नव्हती.

"भाजीचा हेतू सफल झाला का?" ब्रुनेरनी छापील प्रश्न वाचला.

हेमलताचे डोळे वाहत होते आणि तोंडात घास होता. तिनं कढई पुढे ओढली आणि आणखी वाढून घेतलं.

ब्रुनेरनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उत्तराऐवजी दुसऱ्यांदा वाढून घेतले. मान्य.' पदार्थाला तीनशे एकोणपन्नास क्रमांक मिळाला.

पुढच्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर ब्रुनेर होते. अंगावर साधा स्वेटर, हातात वही नाही. काखेत एक तरुण, घट्ट पानांचा कोबी होता.

"मी आज निबंधक म्हणून आलेलो नाही," ते अवघडून म्हणाले. "आणि यांनाही यायचं होतं."

हेमलतानं दोघांकडे पाहिलं.

"जेवायला तास तरी लागेल," ती म्हणाली.

"आम्हाला घाई नाही," कोबी म्हणाला.

"मग या आत. आणि साहेब, बूट बाहेर काढा."