मेल्यावरचे हिट

आपण मेल्याशिवाय आपली गाणी कुणी वाजवायची नाहीत, अशी झमकूबाईची सक्त ताकीद आहे. आणि दर शुक्रवारी दुपारी ती स्वतःच माझ्याकडे येऊन ती वाजवायला लावते.

चपला दारात, काठी कोपऱ्यात, आणि बाई सरळ आमच्या दिवाणावर आडवी. हात छातीवर, डोळे मिटलेले, पदर तोंडावर. मग पदराखालून आवाज येतो, “हं बगळे, मी मेली. लाव आता.”

मी मोबाईलवर गाणं लावते. एकदोन गाणी होतात न होतात तोच मयताचा एक हात वर येतो. “हे पुन्हा घेऊ. याच्यात माहा आवाज बसला हाय.” कधीकधी तो हात नुसताच चहासाठी वर आलेला असतो.

बगळी म्हणजे मी. हे नाव तिनं मला दिलं तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन यवतमाळहून पुसदला आले होते. संगीताची पहिली परीक्षा पास, सोबत हार्मोनियम, आणि पुसदमध्ये संस्कृती आली ती माझ्याच ट्रंकेतून असा माझा ठाम समज. खळ दिलेली साडी नेसून मी गल्लीतून अशी चालायची, की चिखलालाच माझी लाज वाटावी. आज ती मुलगी मला भेटली तर मीच तिच्या साडीवर पाणी उडवीन.

झमकू तेव्हा फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरून सीताफळं विकायला यायची. गल्लीच्या या टोकाला ती, त्या टोकाला तिचा नवरा रामधन, दोघांच्या डोक्यावर पाट्या. ओरडणं साधं नाही, सगळं यमकात. होळीला तांड्यात लेंगी गातात, तेव्हा हिनं सवाल टाकायचा आणि रामधननं उलटून जबाब द्यायचा. तीच सवय दोघं पाटीसोबत पुसदला घेऊन येत. एक दिवस मी खिडकीतून म्हटलं, “बाई, जरा सुरात ओरडत जा.” झमकूनं पाटी खाली ठेवली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिथल्या तिथे सुरू केलं:

“आली पाहा बगळी, इस्त्री केली सगळी,
चिखलात चालाची बाईची रीतच येगळी!
हसू ठेवलं पेटीत,
चाबी कोनाच्या मुठीत?”

पलीकडच्या टोकावरून रामधननं यावर काहीतरी जबाब दिला. काय, ते मला माहीत नाही, कारण मी खिडकी धाडकन लावून घेतली होती. गल्लीभर उसळलेलं हसणं तेवढं फटीतून आत आलं.

पुढे तिचा मुलगा विलास मास्तर झाला, त्यानं आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं आणि झमकू माझी शेजारीण झाली. रामधन त्याआधीच गेला होता. सीताफळं सुटली, तोंड सुटलं नाही. पुसदात असा माणूस नाही ज्याच्यावर तिनं चार ओळी जुळवल्या नाहीत. तिच्या तांड्याकडच्या नळावरची तर इथल्या पोरांनाही पाठ आहे:

“सरपंचानं नळ लावला, हार घालून फोटो काढला,
पेढा सगळ्यायनं खाल्ला,
पन पानी कोन प्याला?”

आता हे मेल्यावरचं खूळ कुठून आलं, ते सांगते. तिच्या नातवाला रॅप ऐकायचा नाद. भिंती हादरवणारं काहीतरी लावून बसला होता. झमकू ऐकत राहिली. मग म्हणाली, “हा पोट्टा काहून इतका तावातावानं बोलून राह्यला? कोनं त्याची पाटी पाडली?”

नातू म्हणाला, “दादी, तो वारला. कंपनीनं त्याच्या मागं त्याची सगळ्यात हिट गाणी निवडून काढली आहेत.”

“निवडली कोनं?”

“कंपनीनं.”

“त्याले इचारलं काय? अन् हे मधामधात टूं टूं काय वाजून राह्यलं?”

“तिथं शिव्या होत्या. काढल्या.”

झमकू तरातरा माझ्याकडे आली. घाबरी झाली होती, खरंच. “बगळे, मेलेल्या मानसाले टूं लावतात! म्हंजे मी मेली का हा विलास मले भजनवाली करून ठेवीन.” आणि तेव्हापासून तिला न विचारता कुणी काही ठरवलं, की ती एकच शब्द वापरते. सुनेनं कमी तिखटाची भाजी केली, की कंपनीची भाजी. डॉक्टरनं मीठ बंद केलं, की कंपनीचा डॉक्टर.

म्हणून आपले हिट आपणच निवडायचे, तेही शिव्यांसकट, असं तिनं ठरवलं. रेकॉर्ड करणार कोण? तर मी. आमच्या नातीनं मला मोबाईल शिकवला आहे, आणि शिकवलेलं मी विसरत नाही असं मी सगळ्यांना सांगते. देवघरात सतरंजी टांगून आमचा स्टुडिओ तयार झाला. विलास मास्तर एकदा डोकावला. “याडी,” तो म्हणाला (हे लोक आईला याडी म्हणतात), “एखादं भजन टाक ना त्यात. लोक काय म्हणतील?”

“काहून? मी मेली म्हून सुदरली काय?”

मास्तर आल्या पावली परतला. मी मात्र ‘टूं’ लावायच्या बाजूनं नव्हते, हे मुद्दाम सांगते. उलट एका शिवीचा उच्चार नीट आला नाही म्हणून मी ती तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली. ट्रंकवाली मुलगी तेव्हा हार्मोनियमवर डोकं आपटून घेत असेल.

गाणी झाली. मग मला हुशारी सुचली. मोबाईलमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की गाण्यातल्या रिकाम्या जागा आपोआप निघून जातात. झमकूच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी सवाल, आणि सवालामागे बराच वेळ काहीच नाही, नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं, दम लागत असेल. बटण दाबलं. गाणी कशी टापटीप झाली.

त्या शुक्रवारी झमकू मेली, मी गाणी लावली, आणि दुसऱ्याच गाण्याला मयत ताडकन उठून बसलं.

“जागा कुठी गेली?”

“कसली जागा?”

“सवालाच्या मागची.”

“ती रिकामी होती गं. काढली.”

“रिकामी नव्हती,” झमकू म्हणाली. “रामधनची व्हती.”

मी मोबाईल बंद केला. झमकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, “माह्या सगळ्या ओळी माह्या ध्यानात हायेत. त्याची एक नाही.”

“एकही नाही?”

“तो बोले तवा मी मनात पुढचं जुळवून राहो. ऐकलंच कोनं? लोकं हसत, तवा समजे, का गड्यानं बराबर हाणली.” माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, “तू तं खिडकीत व्हती. बगळीवर तो काय बोलला, तुले आठवते काय?”

“मी खिडकी लावली होती.”

“हाव. तू तं पयल्यापासूनच इस्त्रीची.”

“पण मग ही जागा ठेवून उपयोग काय?”

“मेल्यावर वाजवजो म्हनतो ते याच्यासाठीच ना! तेरवीले तांडा जमन. जुने मानसं येतीन. सवाल आला अन् पुढं जागा दिसली, का एखाद्याले रामधनचा जबाब आठवन. देईन ना कोनी!”

“अन् झमके, तू तेव्हा ऐकशील कशी?”

झमकू दिवाणावरून उठली. म्हणाली, “हे तं कंपनीले बी सुचलं नाही,” आणि काठी घेऊन निघून गेली. चहा न पिता.

काढलेल्या जागा परत आणायच्या कशा हे मी विसरले होते. नातीला फोन केला, ती हसली, तिच्या सांगण्याप्रमाणे एकेक जागा परत बसवली. पुढचा आठवडाभर मी मेथी निवडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, देवाला हळदकुंकू वाहताना यमकं जुळवत होते. संगीताची परीक्षा पास बाई, पण दोन ओळी जुळेनात! आमचे हे म्हणाले, “ओठ काय हलवतेस? जप सुरू केलास का?” मी म्हटलं, “हो. आणि मध्ये बोलू नका.”

शुक्रवारी झमकू आली. जरा उशिराच. काही न बोलता आडवी झाली, पदर ओढला. “लाव.”

मी बगळीचं गाणं लावलं. तिचा तो फाटका, तिखट आवाज खोलीत घुमला. इस्त्री झाली, चिखल झाला, हसू पेटीत गेलं. “चाबी कोनाच्या मुठीत?” आणि पुढे पंख्याचा आवाज.

मी घसा साफ केला. आवाज निघाला तो भाता फाटलेल्या हार्मोनियमसारखा, पण निघाला:

“चाबी झमकीच्या ओटीत,
सीताफळाच्या दाटीत!”

पदर हलला नाही. हात वर आला नाही. मला वाटलं, चुकलंच. मग पदराखाली झमकूचं पोट थरथरायला लागलं, आणि ती पोट दुखेस्तोवर हसली. किती वेळ, ते सांगता येत नाही, पुढची दोन गाणी त्यात बुडाली.

“त्याचं असं नव्हतं,” हसू ओसरल्यावर ती म्हणाली. “त्याचं याच्याहून झोंबे.”

“मग?”

“मंग काय. सगळ्याइले जबाब दे. ऐकतो मी.”

डोळे न उघडता ती भिंतीकडे सरकली आणि दिवाणावर माझ्यापुरती जागा केली. मी इस्त्रीच्या साडीसकट तिच्या बाजूला आडवी झाले आणि पदर तोंडावर ओढला. सरपंचाचा नळ सुरू झाला.

तेवढ्यात आमचे हे आत आले. दोन बायका एका दिवाणावर तोंड झाकून पडलेल्या पाहून दारातच थबकले. “अगं, काय झालं?”

“आम्ही मेलोय,” मी म्हटलं. “चहा टाका. आलं घालून.”