किशनराव साहेबांचं पोट कुठं असतं?

मराठवाड्यात झिंग्याच्या कोपराबद्दल माझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस नाही! ही फुशारकी नाही. दुसऱ्या कुणाला त्यात पडायचंच नाही. पण पहिला नंबर तो पहिला नंबर, आणि लातूर-नांदेडकडं पहिल्या नंबराशिवाय माणसाला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही.

मी प्रेम सोनकांबळे. नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तुम्ही 'प्राध्यापक' म्हणालात तर मला आवडेल, पण खरं सांगायचं तर मी तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे तास चालू असेपर्यंत सर, आणि बेल वाजली की आपण कोण? कायम होण्याच्या ऑर्डरीची वाट बघता बघता माझ्या विद्यार्थ्यांची लग्नं झाली, त्यांच्या पोरांची बारशी मी जेवून आलो, पण ऑर्डर काही येईना.

ऑर्डर द्यायची संस्थेचे अध्यक्ष किशनराव अण्णांनी. अण्णा राहायला लातुरात. सचिव म्हणजे त्यांच्या पत्नी शिवकांताकाकू, आणि बाकीचे पदाधिकारीही घरातलेच. कॉलेजशिवाय अण्णांचा लातुरात कोचिंग क्लास होता. भूकंपानंतर तिथं घरं उभी राहायच्या आधी क्लास उभे राहिले, त्यातला हा एक, लांबलचक पत्र्याचा. शनिवार-रविवार मी नांदेडहून एसटीनं जाऊन तिथं जीवशास्त्र शिकवायचो. फुकट! कारण अण्णा मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "सोनकांबळे, तुमची ऑर्डर माझ्या डोक्यात हाय!"

डोक्यात काय काय असतं ते पुढं येईलच.

तर एका सुट्टीच्या दिवशी मी विष्णुपुरीच्या धरणाखालून झिंगे आणले. खायलाच! लुंबिनी, म्हणजे माझी बायको, ते निवडायला बसली आणि माझी नजर एकावर पडली.

"थांब!" मी ओरडलो.

ती पाट सोडून उडालीच. "काय झालं? इंचू निघाला का काय?"

"कोपर बघ याचं, कोपर!"

"मसाला वाटून झालाय," लुंबिनी म्हणाली. "त्याच्यात कोपर बी शिजंल."

पण मी तो झिंगा तिच्या हातातून हिसकावला. त्याच्या चिमट्याच्या पायात, कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग पंजाहून लांब होता! नाकावरच्या करवतीला वरून दात होते, खालून एकही नव्हता! असा झिंगा कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी सगळेच झिंगे स्पिरिटच्या बाटल्यांत घातले. त्या दिवशी आम्ही वरण-भात खाल्ला.

पुढं कित्येक महिने मी त्या झिंग्याचं वर्णन लिहीत होतो. मिशा, डोळे, जबडे, पाय, शेपूट, सगळं मोजलं, काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. शेवटी कलकत्त्याच्या तज्ज्ञांचा होकार आला. जात नवी! नाव ठेवायचा मान माझा!

"माझं नाव ठेवा," लुंबिनी म्हणाली. "माझ्या हातचं जेवण गेलं त्याच्यापायी."

तिचं बरोबर होतं. पण मला डोळ्यासमोर ऑर्डर दिसत होती. मी नाव ठेवलं 'किशनरावी', आणि वर्णन छापायला धाडलं.

ही गोड बातमी घेऊन मी लातुरात अण्णांकडं गेलो तर ते भडकले. "आमच्या घरात अंडं बी येत न्हाई, आन् तुम्ही माझं नाव झिंग्याला देऊन राहिले? बाजारात बाया म्हणतील, दोन वाटे किशनराव द्या!"

"अण्णा, चौकाला दिलेलं नाव नगरपालिका बदलते," मी म्हणालो. "हे नाव कुणाच्या बापाला बदलता येत नाही. जगाचा नियम आहे! एकदा छापून आलं की पृथ्वी आहे तोवर राहतं."

अण्णांचा हात मिशीवर थांबला. "पृथ्वी हाय तोवर?"

"हाव, अण्णा!"

अण्णांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पृथ्वी बऱ्यापैकी दिसत होती. "मग एकसष्टीला जाहीर करू," ते म्हणाले. "आमदार येणार, पाव्हणे येणार, क्लासचे पालक येणार. तुमची ऑर्डर बी तिथंच देतो, स्टेजवर, सगळ्यांदेखत!"

मी पेढे घेऊन घरी आलो. लुंबिनीनं एक खाल्ला, पण तोंड वाकडं करून.

आता खरी गंमत सांगतो. लातूरच्या क्लासची पोरं म्हणजे पाठांतराचं यंत्र! फळ्यावर मी आपला किशनरावी झिंगा काढला की ती लगेच विचारायची, "सर, आय.एम.पी. आहे का?" मी म्हणालो, आहे! दुसऱ्या आठवड्यात वर्गाला अख्खा झिंगा पाठ. मी प्रश्न विचारायचा, वर्गानं एका सुरात उत्तर द्यायचं. आवाज कमी पडला की मी दोन्ही हात वर करून हलवायचो. म्हणजे मोठ्यानं! त्यावर पत्रे थरथरायचे. देगलूरहून शिकायला आलेली उजमा नावाची मुलगी सगळ्यात हुशार. एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही तिचा.

क्लासचे व्यवस्थापक मलप्पा मास्तर हे दारातून ऐकत उभे राहायचे. "सर, हे एकसष्टीला करायचं," ते म्हणाले. "आपल्या क्लासची ताकद दिसली पायजे. उजमा प्रश्न विचारंल, वर्ग उत्तर देईल."

मला काय, आनंदच! मी होकार दिला आणि नांदेडला निघून गेलो. मास्तर मागं राहिले, आणि त्यांच्या मनात एक काटा रुतला. पोरं अण्णांना नुसतं 'किशनरावी' म्हणतात? वर 'खातो', 'पळतो' म्हणतात? एकसष्टीच्या माणसाला? मास्तरांचा जन्म अण्णांच्या पुढं वाकण्यात गेलेला. त्यांनी तालमीत सगळं आदरानं करून घेतलं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. त्यात काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

एकसष्टीचा दिवस उजाडला. मंगल कार्यालय गच्च! अण्णांना एकसष्ट दिव्यांनी ओवाळून झालं, आमदारांचं भाषण झालं, शाली इतक्या झाल्या की अण्णांचा चेहरा शोधावा लागत होता. टेबलावर ताटात नारळ, आणि नारळाला टेकून माझी ऑर्डर! मी पहिल्या रांगेत नव्या सदऱ्यात बसलो होतो, शेजारी लुंबिनी.

"आता आपल्या संस्थेचे विद्यार्थी जागतिक संशोधन सादर करतील!" मलप्पा मास्तर माइकवर म्हणाले.

पोरं रांगेत उभी राहिली. उजमानं माइक धरला आणि खणखणीत आवाजात पहिला प्रश्न टाकला.

"किशनराव साहेबांचं पोट कुठं असतं?"

"डोक्यात!" वर्ग गरजला.

साहेब? हे साहेब कुठून आलं? मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर अभिमानानं मान डोलवत होते.

"किशनराव साहेबांचा मेंदू केवढा असतो?"

"मोहरीहून लहान!"

सभागृहात कोणीतरी खोकलं. शालींच्या ढिगातून अण्णांचे डोळे बाहेर आले.

आता थांबवायलाच हवं होतं! मी उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं हलवले. थांबा! बंद करा! पोरांनी मला पाहिलं, त्यांचे चेहरे उजळले, आणि आवाज दुप्पट झाला!

"किशनराव साहेब काय खातात?"

"मिळेल ते! मेलेलंही! स्वतःची कातही!"

"किशनराव साहेब लघवी कुठून करतात?"

"मिशांच्या बुडातून!"

सगळ्या मंगल कार्यालयाचे डोळे अण्णांच्या मिशीवर गेले. अण्णांनी मिशी हातानं झाकली, आणि त्यामुळं प्रकरण आणखीच वाईट दिसायला लागलं. आमदारांनी तोंडात रुमाल कोंबला होता. मी हात हलवतच होतो. मला दुसरं काही सुचतच नव्हतं! लुंबिनीनं माझा सदरा खाली ओढला. "बसा हो! तुमच्यामुळंच ओरडायलेत ती!"

"संकट आलं की किशनराव साहेब काय करतात?"

"मागच्या मागं पळतात!"

टाळ्या मलप्पा मास्तरांनी एकट्यांनी वाजवल्या.

अण्णा उभे राहिले. शाली पटापट गळून पडल्या. "सोनकांबळे!"

"अण्णा, ते झिंग्याचं वर्णन आहे."

"नाव बदला! आत्ताच्या आत्ता!"

"अण्णा, छापून आलंय."

"मंत्रालयात फोन लावतो मी!"

"मंत्रालयाच्या हातात नाही ते, अण्णा."

"मग दिल्लीला लावतो!"

"दिल्लीच्याही हातात नाही."

अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे, पृथ्वी हाय तोवर?"

"हाव, अण्णा," मी म्हणालो.

अण्णांनी ताटातली ऑर्डर उचलली आणि दोन्ही हातांत धरली, फाडायला! माझी सगळी वर्षं, शनिवार-रविवारच्या सगळ्या एसट्या त्या कागदात होत्या. मला रडूच यायला लागलं. लुंबिनीनं माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात स्टेजवर कोणीतरी मोठ्यानं हसलं. शिवकांताकाकू! काकू आजवर चारचौघांत हसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"द्या इकडं ते," त्यांनी अण्णांच्या हातातून ऑर्डर ओढून घेतली. "लेकरांनी काय चुकीचं सांगितलं? इतकी वर्षं संसार करून राहिले मी, मला विचारा की!"

"अगं, लोकं बघून राहिलेत," अण्णा म्हणाले.

"बघू द्या! भूकंपाच्या पहाटे काय केलं तुम्ही? फळीवरची भांडी माझ्या अंगावर पडायलीत, मी हाका मारायले, आन् तुम्ही उशी पोटाशी धरून पळाले! ते बी मागच्या मागं! तोंड माझ्याकडं, पाय दाराकडं! वर अंगणातून म्हणतात, शिवे, ये लवकर, मी वाट बघायलो!" काकू एकदम हसायच्या थांबल्या. "लई राग आला होता मला. आजवर बोलले न्हाई."

अण्णा काहीतरी पुटपुटले, "माणसं बोलवाया गेलतो गं," आणि एकेक पाऊल मागं सरकायला लागले. तोंड काकूंकडं, पाय स्टेजच्या जिन्याकडं.

उजमानं माइक अजून सोडला नव्हता. तिनं माझ्याकडं अगदी मनापासून वळून विचारलं, "सर, हे प्रात्यक्षिक आहे का?"

मग मात्र कार्यालय फुटलं! आमदार खुर्चीतून घसरले. पत्रावळी मांडणारे हातातलं सोडून आत आले. आणि अण्णा जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून काकूंकडं बघत राहिले, आणि तेही हसायला लागले, पोट धरून. खरं पोट!

"चुकलं माझं, शिवे," ते म्हणाले. माइक चालूच होता. अख्ख्या लातूरनं ऐकलं.

काकूंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि माझी ऑर्डर पहिल्यांदाच नीट वाचली. संस्थेत नेमणुकीच्या कागदावर सही सचिवाची लागायची, आणि आजवर अण्णा बोट दाखवतील तिथं काकू सही करत आल्या होत्या. "हा माणूस बघून लिहितो आन् खरं लिहितो," त्या म्हणाल्या. "आपल्या संस्थेत असा एक तरी कायम पायजे." आणि सही केली!

मी नमस्काराला वाकलो. लुंबिनीनं तर शिट्टी वाजवली, तिला शिट्टी येते हे मला तेव्हा कळलं.

"सर," काकू हळूच म्हणाल्या, "सही झाली. आता फक्त शिक्का राहिला." संस्थेचा शिक्का त्यांनी मला दाखवला आणि परत पर्समध्ये टाकून चेन ओढली. "माझ्या धाकट्या जाऊबाई हायत, बसम्मा. त्यांच्या नावाचा बी एक प्राणी शोधा. झिंगा नको, झिंगा लई गरीब दिसतो. इंचू बघा एखादा. आन् वर्णन असंच करा. काही झाकू नका! इंचू आणा, शिक्का न्या."

तेव्हा नायगावच्या माळावर चिमटा घेऊन दगड उलथणारा माणूस तुम्हाला दिसला असेल, तर तो मीच. ओळख दाखवायची होती! मागं बाटली धरून उभी असलेली बाई म्हणजे लुंबिनी. "नाव दुसऱ्याचं, अन् बाटली मी धरायची!" हे ती दर दगडाला म्हणायची.

शेवटी एक मिळाला. काळाभोर, नांगी अशी की बघत राहावं! जात नवी निघाली, नाव ठरलं, वर्णन छापून आलं, एक अक्षर झाकलं नाही. आता नाव बदलता येत नाही, पृथ्वी आहे तोवर! शिक्का मिळाला. मी कायम झालो!

मोठ्या ऐटीत पहिल्या पगाराची चौकशी करायला गेलो. कारकून म्हणाला, "सर, पगारपत्रकावर खजिनदारांची सही लागते. बसम्माबाईंची. त्यांनी तुम्हाला बोलावलंय. हातात काहीतरी छापील घेऊन बसल्यात."