कानपट्टा

मार्युतला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली, त्याच वर्षीच्या नाताळात तिच्या बापाच्या, म्हणजे ताइस्तो हुओतारीच्या, कानांवर गाणी चढली. बाळाला आजी-आजोबांना दाखवायला ती हेलसिंकीहून कुह्मोला आली, तेव्हा येताना बापासाठी एक लोकरी कानपट्टा घेऊन आली. दिसायला साधाच होता, करड्या रंगाचा, कपाळावरून कानांवर ओढून घ्यायचा. पण आत दोन्ही कानांपाशी बिस्किटाएवढ्या दोन चकत्या शिवलेल्या होत्या. फोनवर गाणं लावलं की ते तारेबिरेशिवाय थेट कानात वाजायचं.

"थंडीत तास तास एकटे स्कीवर असता, बाबा," मार्युत म्हणाली. "तेवढीच सोबत."

"एकटा कुठे? ओइवा असतो की मागे."

"ओइवाकाका बोलतात तरी का कधी?"

ताइस्तोने प्रामाणिकपणे विचार केला. "बोलतो. नौकाघरापाशी बोलतो."

हे खरं होतं. रविवार सोडून रोज सकाळी दहाला दोघे गोठलेल्या तळ्यावर उतरत, बेटाला वळसा घालून पलीकडच्या नौकाघरापर्यंत जात आणि परत येत. एकूण बारा किलोमीटर. ताइस्तो पाच महिन्यांनी मोठा, म्हणून तो पुढे. बर्फात चाकोरी पाडायचं काम त्याचं. ओइवा पीराइनेन मागून त्याच चाकोरीत आपल्या स्की घालून यायचा. शाळेत जायचे तेव्हापासून असंच चाललं होतं. नौकाघरापाशी थांबून ताइस्तो विचारायचा, "कसंय?" ओइवा म्हणायचा, "बरंय." मग थर्मासमधली कॉफी आणि परतीची वाट. ओइवाने लग्न केलं नव्हतं. लग्नासाठी कुणाला तरी विचारावं लागतं, असं गावात म्हणत.

कानपट्ट्याची एक अडचण पहिल्याच दिवशी कळली. तापमान उणे वीसच्या खाली गेलं की फोन अर्ध्या तासात मान टाकायचा. मग ताइस्तोच्या बायकोने, आउनेने, जुन्या मोज्याचा खिसा करून त्याच्या लोकरी गंजीला आतून पोटापाशी शिवला. कोंबडीखाली अंडं राहावं तसा फोन तिथे उबेला राहू लागला. त्यावर सदरा, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट. पण त्यामुळे झालं असं, की एकदा सुरू केलेलं गाणं बंद करायचं तर ही सगळी दारं उघडून पोटापर्यंत जावं लागायचं, तेही हातमोजे काढून. कानपट्ट्यावर एक बारीक कळ होती, पण ती टोपीखाली. जाड हातमोज्याने दाबली की आवाज वाढायचा. कमी करायची युक्ती ताइस्तोला कधीच सापडली नाही. तेव्हा एकदा निघालं की बारा किलोमीटर टँगोची रडकी गाणी.

"बाहेरचं काही ऐकू येतं का रे त्यात?" आउनेने विचारलं.

"सगळं येतं," ताइस्तो म्हणाला. मुलीने दिलेल्या वस्तूत खोट कशी काढायची?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बेटाच्या टोकाला वळताना ताइस्तोने सहज मागे पाहिलं. ओइवाचे ओठ हलत होते. आधी त्याला वाटलं, धाप लागली असेल. मग ओठ थांबले आणि ओइवा त्याच्याकडे बघत राहिला, उत्तराची वाट बघावी तसा.

दुसरा कुणी असता तर ताइस्तोने "काय?" असं विचारलं असतं. पण ओइवाला कुणी "काय?" विचारायचं नाही, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पूर्वी एकदा गावच्या सभेत तो रस्त्याबद्दल काही बोलायला उभा राहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काय म्हणालास?" ओइवा खाली बसला आणि त्यानंतर एकोणीस वर्षं तो कुठल्याही सभेत बोलला नाही. रस्ता अजून कच्चाच आहे.

म्हणून ताइस्तोने मान हलवली आणि श्वास आत ओढून "हं" म्हटलं. त्या भागात श्वास आत ओढून म्हटलेला "हं" म्हणजे सहीच. पुन्हा कुणी विचारत नाही, पुन्हा कुणी सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी ओइवा आपली होडी घसरगाडीवर पालथी बांधून ताइस्तोच्या अंगणात घेऊन आला.

"शेडमागे ठेवू ना? म्हणाला होतास तसं," ओइवा म्हणाला.

"हं," ताइस्तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आउनेने खिडकीतून पाहिलं.

"आपल्याला दोन होड्या कशाला रे, म्हाताऱ्या? एका होडीत तरी कुठे बसतोस?"

"आमचं ठरलंय."

पुढच्या आठवड्यात ओइवा पुन्हा बेटाच्या चढावर काहीतरी बोलला. कानात त्या वेळी कुणी बाई गेलेल्या उन्हाळ्यासाठी गळा काढत होती. ताइस्तोने "हं" म्हटलं. दोन दिवसांनी ओइवा त्याचा करडा म्हातारा शिकारी कुत्रा, मुस्ती, आणि त्याच्या खाण्याचं पोतं घेऊन आला. कुत्रा थेट आत गेला आणि चुलीपुढे आडवा झाला, जसं काही त्यालाही आधीच सांगून ठेवलं होतं.

"हेही ठरलंय वाटतं?" आउने म्हणाली.

"हं."

"मग मला आत्ताच सांग, अजून काय काय ठरवलंयस. ओइवाची गाय येणार असली तर मी गोठा झाडून ठेवते."

"त्याच्याकडे गाय नाहीये."

"देवाची कृपा."

तिसऱ्या "हं"नंतर वस्तू आली नाही, बाई आली. हिल्का म्हणजे पूर्वीची पोस्टातली आणि आता गावच्या गायकमंडळाची प्रमुख. तिने दारात उभ्या उभ्याच ताइस्तोच्या हातात गाण्यांची एक फाइल ठेवली. फाइलवर कॉफीचा गोल डाग होता. तो डाग ताइस्तो ओळखत होता. ओइवा चाळीस वर्षं मंडळात खालच्या आवाजात गायचा. बोलायचा नाही, पण गायचा.

"मंगळवारी सहाला. सभागृहात," हिल्का म्हणाली. "ओइवा म्हणाला, तू त्याच्या जागी गायला हो म्हणालास. माझा विश्वास बसला नाही. पण ओइवा खोटं बोलेल एवढे शब्द त्याच्याकडे आहेत कुठे?"

ताइस्तोला शाळेत तिसरीच्या बाई म्हणाल्या होत्या, तू नुसते ओठ हलव. त्यानंतर तो गाईच्या गोठ्यातसुद्धा गायला नव्हता. तरी मंगळवारी तो गेला, कारण "हं" म्हटलं होतं.

"थोडं हळू, ताइस्तो," हिल्का म्हणाली.

थोड्या वेळाने म्हणाली, "अजून हळू."

मग शेजारच्या मार्तीने त्याच्या कोपराला हात लावला. "असं कर, आत्ता नुसते ओठ हलव. पुढच्या वेळी आवाज लाव."

"कार्यक्रम कधी आहे?" ताइस्तोने विचारलं. सराव करायला किती दिवस हाताशी आहेत, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

हिल्काने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "ते देवाच्या हातात आहे," ती म्हणाली.

ताइस्तोला वाटलं, सभागृह मिळत नसेल.

चौथं बोलणं फेब्रुवारीच्या शेवटी झालं आणि ते सगळ्यांत लांब होतं. बेटाच्या उंचवट्यावर ओइवा थांबला, म्हणून ताइस्तोही थांबला. ओइवा दोन्ही काठ्यांवर रेलून उभा होता. पापण्यांवर बर्फ जमलं होतं. तो तळ्याकडे बघत बोलत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा बोलत होता. एवढा वेळ ओइवाचे ओठ हलताना ताइस्तोने जन्मात पाहिले नव्हते. त्याने टोपीवरून कळ दाबून पाहिली. आवाज वाढला. कानात टँगोतला अकॉर्डियन रडायला लागला. उणे चोवीस होतं. जाकिटाची चेन उघडायला हात घातला असता तर ओइवा गप्प झाला असता, एवढं ताइस्तोला कळत होतं. मग ओइवाने हातमोजा काढला आणि उघडा हात पुढे केला. ताइस्तोनेही हातमोजा काढला, तो हात हातात घेतला आणि म्हणाला, "हं."

त्यानंतर तो आठवडाभर अंगणात काय येतंय याची वाट बघत होता. काहीच आलं नाही.

आठ दिवसांनी आउने ओव्हनमधून वेलदोड्याचे बन काढत असताना त्याने सहज विषय काढला. "ते गाणं कधी आहे कुणास ठाऊक. हिल्का म्हणते, देवाच्या हातात आहे."

आउनेने पत्रा खाली ठेवला. मुस्तीकडे पाहिलं. मग खिडकीतून शेडमागच्या होडीकडे पाहिलं.

"कुठलं गाणं शिकवतायत तुला?"

ताइस्तोने पहिली ओळ वाचून दाखवली. पुरलेल्याला माती हलकी होवो, असं काहीसं होतं.

"होडी दिली, कुत्रा दिला. आणि आता हे," आउने हळू म्हणाली. "अरे म्हाताऱ्या, तो माणूस घर आवरतोय. तुला सांगितलं नाही त्याने?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मला काय माहीत? मी टँगो ऐकत होतो."

आउनेने ओव्हन बंद केला. मग म्हणाली, "तू म्हणालास सगळं ऐकू येतं."

"मार्युतला वाईट वाटलं असतं."

"जा आणि विचार त्याला."

"कसं विचारू? मी हो म्हणून बसलोय. चार वेळा. एकदा तर हात मिळवून."

"म्हणजे माणूस मरायला टेकलाय हे तुला सांगितलं आणि तू 'बरं' म्हणालास!"

"श्वास आत ओढून," ताइस्तो म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी कानपट्टा घरी ठेवून, नुसती टोपी घालून तो निघाला. साठ वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्कीचा आवाज इतका मोठा वाटला. मागून ओइवाच्या काठ्या बर्फात रुतत होत्या, चुर्र, चुर्र. ओइवा काही बोलला नाही. का बोलेल? त्याचं सगळं सांगून झालं होतं. नौकाघर आलं.

"कसंय?" ताइस्तोने विचारलं. या वेळी त्याने खरंच विचारलं होतं.

"बरंय."

कॉफी झाली. समोरासमोर सांगणं ताइस्तोला जमेना. परतताना मात्र पाठ वळलेली होती. मोकळ्या तळ्यावर आल्यावर त्याने पुढे बघतच, चाल न मोडता, सांगून टाकलं.

"ओइवा, माझं चुकलं. या हिवाळ्यात तू जे जे बोललास त्यातलं मला काहीच ऐकू आलं नाही. कानात गाणी होती. होडीचं नाही, मुस्तीचं नाही, उंचवट्यावरचंही नाही. तू पुन्हा सांगशील तर मी ऐकेन."

जन्मात तो एका दमात एवढं बोलला नव्हता. मागे बराच वेळ नुसत्या काठ्या वाजत राहिल्या. मग आवाज आला, श्वास आत ओढलेला. "हं."

ताइस्तोने वळून पाहिलं. ओइवाच्या टोपीखालून नवा कोरा करडा कानपट्टा डोकावत होता. हुबेहूब त्याच्यासारखाच.

ताइस्तोला हसू आलं. म्हणजे यानेही घेतला तर! गेले दोन महिने मी मान हलवत होतो, आज हा हलवतोय. जे एकदा बोलायला सगळं आयुष्य लागलं, ते दुसऱ्यांदा बोलणं ताइस्तोच्याने होईना. सांगू पुढे कधीतरी, तो मनाशी म्हणाला, बर्फ फुटलं की होडीत बसून सांगू. दुसऱ्या दिवशी त्याने आपलाही कानपट्टा पुन्हा चढवला. त्यालाही गाणी, मलाही गाणी. एप्रिल लागला तरी दोघे तसेच जात राहिले, पुढे ताइस्तो, मागे ओइवा, नौकाघरापाशी कसंय आणि बरंय.

ओइवाच्या अंत्यविधीला ताइस्तो गायकमंडळाच्या मागच्या रांगेत त्याच्या जागी उभा राहिला. हिल्काने त्याला मान हलवून खूण केली, की आज आवाज लाव. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत बरोबर हलले. आवाज आला नाही.

नंतर सभागृहात कॉफी आणि मासे भरलेली रोटी होती. ओइवाचा पुतण्या कायानी शहरातून आला होता. तो ताइस्तोजवळ येऊन बसला.

"घरात काही उरलंच नव्हतं, सगळं वाटून टाकलं होतं काकांनी. एवढं मिळालं," तो म्हणाला आणि कागदी खोका पुढे केला. "तुमच्याकडेही असाच आहे म्हणे."

खोक्यात कानपट्टा होता. खाली चार्जिंगची तार, कागदी फितीने बांधलेली, फीत न सोडलेली. कळीवर पारदर्शक कागद चिकटवलेला, त्यावर लिहिलेलं, वापरण्याआधी काढावा.

"काकांना याचं काय काम होतं कळत नाही," पुतण्या म्हणाला. "त्यांच्याकडे मोबाइल होता कुठे? भिंतीवरचा फोनच होता. कान गार पडत असतील."

ओइवाकडे मोबाइल नव्हता, हे ताइस्तोला सगळ्या गावाच्या आधीपासून माहीत होतं. तळ्यावर तेवढं आठवलं नव्हतं.

म्हणजे तळ्यावर त्याने जे सांगितलं ते ओइवाने अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. ऐकून "हं" म्हणाला होता. आणि त्यानंतर महिनाभर पुढच्या माणसाच्या डोक्यावरून तो पट्टा कधी उतरतोय याची वाट बघत मागून येत राहिला होता. ताइस्तोने खोका मांडीवर ठेवला. समोरची कॉफी गार झाली तरी त्याने पेल्याला हात लावला नाही. आउने येऊन शेजारी बसली, तिने खोक्यात डोकावलं, तो कागद पाहिला आणि त्याची बाही धरली.

होडी शेडमागे आहे. मुस्ती चुलीपुढे झोपतो. ताइस्तो मंगळवारी सरावाला जातो, नुसते ओठ हलवतो, आणि आता त्याला कुणी टोकत नाही. कुणाची गाडी अंगणात वळली की तो अजून बाहेर येऊन बघतो. चौथ्या खेपेला उंचवट्यावर हातात हात देऊन त्याने कशाला हो म्हटलं होतं, ते अजून आलेलं नाही.

ओइवा पीराइनेन त्या वर्षी एप्रिलच्या अकरा तारखेला, गुरुवारी सकाळी, स्की पायात चढवत असताना आपल्या घराच्या पायरीवर वारला.