एका अक्षराच्या चार मुली

धार शहरातील तमाम लहानथोरांस, तसेच गाई-म्हशींस कळविण्यात येते की, आमचे शेजारी विष्णुपंत ऊर्फ तात्या सायंकाळी ओट्यावर येऊन "तीऽऽ!" अशी आरोळी ठोकतील. कोणीही घाबरू नये. ते आपल्या मुलींना जेवायला बोलावीत आहेत.

मुली चार. मालती, इंदुमती, मधुमती, रेवती. शेवटचं अक्षर एकच, म्हणून हाकही एकच. तात्या दरबारच्या दफ्तरात कारकून; एका शिक्क्यात चार कागद उरकायची सवय घरीही लागलेली.

तिसरीच्या वेळी हलवायाने विचारलं, "काय भिया, फेर छोरी?"

"छोरी नाही, मधुमती!"

"और छोरा हुआ तो?"

"मारुती! हाक कशाला बदलायची?"

बायकोच्या नावाचाही त्यांना भारी अभिमान. "विष्णूला शोभेल अशी लक्ष्मी! लग्नात तांदळात मीच लिहिलं." लक्ष्मीकाकू तेव्हा हमखास आत जाऊन भांडी आपटत.

मग मुली एकेक करून उजवल्या. लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव सोन्याच्या अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहितो. मालतीची रुक्मिणी झाली, इंदुमतीची सीता, मधुमतीची राधा. मधुमती पहिल्या माहेरपणाला आली, तेव्हा तात्यांनी मोठ्या हौसेने "तीऽऽ!" केलं. एकटी रेवती धावली. मधुमती गव्हातले खडे वेचीत राहिली. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. "मीठ जास्त झालंय," म्हणाले. मीठ अगदी बेताचं होतं. मी पंगतीला होतो.

रेवतीला देवासचं स्थळ आलं, तेव्हा त्यांनी व्याह्यांचे हात धरले. "मान घ्या, पान घ्या, पण पोरीचं नाव तेवढं तिच्यापाशी राहू द्या."

"बघू की, भिया!" व्याही हसले.

लग्न लागलं. वऱ्हाडाच्या बिऱ्हाडी ताट आलं. जावयाने अंगठी फिरवली. जानकी.

तात्या उठले. आम्हाला वाटलं, नमस्कार करतील. त्यांनी तळहाताने तांदूळ सपाट केले आणि बोटाने लिहिलं, रेवती.

बायका जागच्या जागी थिजल्या. व्याही म्हणाले, "अरे भिया, यह तो रीत है! तुम्ही नव्हतं का बदललं?"

"ते वेगळं!" तात्या ओरडले. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं होतं. "चार होत्या हो माझ्या. आता हाक मारली तर कोण येणार?"

तेवढ्यात मागून, आयुष्यात चारचौघांत कधी तोंड न उघडलेल्या लक्ष्मीकाकू बोलल्या,

"अहो, माझं माहेरचं नाव सांगा बरं!"