निर्मनुष्यता समितीचे कार्य

मनुष्यप्राणी मुळात परोपकारी आहे, आणि परोपकार करणाऱ्यांपेक्षा तो नीट होतो की नाही हे पाहणाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त भरते.

लोणीजवळच्या आंबराईमळ्यात, गेणभाऊंच्या उसाची तोड चालू असताना बिबट्याचं एक पिल्लू सापडलं, तेव्हा वनरक्षक मंगलला याचा पुरता अनुभव आला. पिल्लू महिनाभराचं होतं. डोळे उघडलेले, पोट गोल, आणि जवळ येईल त्याच्यावर फिस्कारण्याइतका स्वाभिमान शाबूत (पंचनाम्यात याला रकाना नाही). त्याला कुठे खरचटलंही नव्हतं. आता करायचं एवढंच होतं, की ते सापडलं तिथेच टोमॅटोच्या कॅरेटात ठेवायचं आणि दिवस मावळताना बाजूला व्हायचं. आई येऊन नेते. दोन संध्याकाळी वाट पाहायची. नाही आली तर पिल्लाची रवानगी निवारा केंद्रात, जन्मभर जाळीआड. मंगलने अशी दोन पिल्लं बाटलीने दूध पाजून वाढवली होती. त्यांना माणसाची भीतीच उरली नाही, म्हणून ती कधी रानात सोडता आली नाहीत. तिसरं तिला तसं वाढवायचं नव्हतं.

तिने ग्रामपंचायतीला पत्र दिलं: ‘मादी येईपर्यंत सदर परिसर निर्मनुष्य ठेवण्यात यावा.’

गावाने पत्र फार मनावर घेतलं. परिसर निर्मनुष्य ठेवायचा, तर तो कोणीतरी ठेवायला हवा, हे उघड आहे. (आपोआप तर पाण्याची टाकीसुद्धा भरत नाही.) तेव्हा उपसरपंच सुदर्शन यांच्या अध्यक्षतेखाली एकोणचाळीस सदस्यांची निर्मनुष्यता समिती स्थापन झाली. उत्तरेच्या बांधावर चौदा जण नेमले, पाटाच्या कडेला अकरा. कॅरेटाजवळ माणूस असणं सर्वांत धोक्याचं, म्हणून तिथे नऊ अनुभवी माणसं उभी केली. उरलेले पाच जण बाकीचे जागेवर आहेत ना, हे पाहत फिरत होते.

अडीच तासांत समितीने दोनशे सोळा माणसं हुसकून लावली (पैकी एकशे सत्तर तीच तीच). गेणभाऊंच्या पत्नी साळुबाई यांनी समितीसाठी बांधावर चहा ठेवला. वासाने आणखी लोक आले. त्यांना पिटाळायच्या आधी चहा देणं भाग होतं, कारण गावाला काही रीतभात आहे.

“सुदर्शनभाऊ, हात जोडते, आता सगळे निघा,” मंगल म्हणाली.

“मॅडम, आमी गेलो तर हितं माणसं येत्याल.”

“तुम्ही माणसंच आहात ना!”

“आमी समिती हाये,” सुदर्शनभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले. “माणसांचं वायलं.”

मादी आली होती. आतल्या उसातून तिने दोनदा आवाज दिला. समितीने अडतीस मोबाइलचे टॉर्च त्या दिशेला वळवून तिचं स्वागत केलं (एकाचं चार्जिंग संपलं होतं). ती निघून गेली. समितीच्या अहवालात नोंद झाली: ‘परिसर निर्मनुष्य ठेवण्यात शंभर टक्के यश. मादीने सहकार्य केले नाही.’

मंगलला आधी रडू आलं, मग संताप आला, आणि मग सुचलं. दुसऱ्या दिवशी तिने नवं पत्र पाठवलं: ‘समितीच्या उल्लेखनीय कार्याबद्दल सर्व सदस्यांचा जाहीर सत्कार. स्थळ शेजारील मौजे कळंब, सायंकाळी सहा. ग्रामस्थांनी टाळ्यांसाठी उपस्थित राहावे.’

पाच वाजता आंबराईमळ्यात चिटपाखरू नव्हतं. साळुबाईसुद्धा काठापदराचं नेसून गेल्या. कळंबला मंगलचा सहकारी ऋषी एक शाल आणि एक नारळ घेऊन उभा होता. ती शाल एकोणचाळीस जणांच्या अंगावर पाळीपाळीने पडली, प्रत्येक वेळी फोटोसाठी थांबली आणि परत घेतली गेली. सुदर्शनभाऊ पन्नास मिनिटं बोलले.

इकडे कॅरेटाशी शेवटचा माणूस मंगल स्वतःच होती. बघावंसं तिलाही वाटत होतं, फार वाटत होतं. तिने बांधावरच्या बाभळीला कॅमेरा बांधला आणि मागे वळून न बघता डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेली.

सकाळी कॅरेट आडवं पडलेलं होतं, आणि रिकामं होतं. कॅमेऱ्यात बावीस सेकंद होते. मंगलने ते एकदा पाहिले, डोळे पुसले, आणि आईची वाट कोणाला कळू नये म्हणून ते सेकंदही पुसून टाकले.

गाव खवळलं. व्हिडिओ नाही म्हणजे भेट झालीच नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अडाणी माणसं, दुसरं काय! तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही सुशिक्षित, निसर्गप्रेमी. त्या बावीस सेकंदांत नेमकं काय दिसलं, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे, तेही कोणाला त्रास न देता. हरकत नाही. फक्त तेवढं खाली बसून घ्या, मागच्या वाचकांना दिसत नाही.