देवरावजी ग्रेडर आणि बोंड्या

आमच्या शेजारच्या देवरावजींना तुम्ही पहिल्यांदा भेटलात, तर ते आधी तुमचा शर्ट चिमटीत धरतील. घाबरू नका. बाहीचा काठ अंगठा आणि बोटात घेऊन चोळतात, किंचित ओढून बघतात, मान तिरपी करतात आणि निकाल देतात, "दोन नंबर. पॉलिस्टर हाये. उन्हायात अंगाले चिकटीन." मग तुमचं नाव विचारतात. नाव, गाव, नोकरी या त्यांच्या लेखी नंतरच्या गोष्टी.

देवरावजी जन्मभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे काय, हे आमच्या नेरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही बाहेरचे असाल म्हणून सांगते. कापसाची गाडी आली की कोपरापर्यंत हात खुपसून तळचा मूठभर कापूस काढायचा, धागा ओढून त्याची लांबी बघायची, सरकी दाताखाली फोडून ओलावा बघायचा आणि मालाची प्रत ठरवायची. एक नंबर, दोन नंबर आणि सगळ्यात शेवटी फरदड. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावरही शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, येतो तो उरलासुरला, आखूड धाग्याचा कापूस. माल ओला निघाला तर त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "उन्हात पसरवा, मंग आना."

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्या लावतात, गुडघे दाखवायला नागपूरला जातात. देवरावजींनी ग्रेडिंग चालूच ठेवलं. कापूस संपला होता, म्हणून ते उरलेल्या जगाकडे वळले इतकंच. माझ्या घरचे पोहे दोन नंबर ठरले, त्यातले शेंगदाणे मात्र एक नंबर. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांचं भाषण त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "धागा आखूड, कचरा जास्त." मी शाळेत मराठी शिकवते. एकदा हौसेनं त्यांना माझी एक कविता वाचून दाखवली. डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "ओलावा लय झाला, बाई. उन्हात वायवा थोडी." आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. कविता तशीच होती, ही गोष्ट वेगळी.

त्यांची बायको, सुमनकाकू, होत्या तोवर या माणसाला घरात उत्तर मिळायचं. "चहा दोन नंबर," असं म्हटलं की काकू समोरचा कप उचलून आत न्यायच्या आणि परत आणायच्या नाहीत. काकू गेल्यापासून चहा ते स्वतःच करतात. त्याची प्रत काय, ते कधी सांगत नाहीत. "कसं काय काकाजी?" असं कुंपणावरून विचारलं की "मजेत," म्हणतात आणि आत जातात. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा प्रशांत दर दिवाळीला "बाबा, तिकडंच चला," म्हणायचा आणि त्याला दर दिवाळीला एकच उत्तर मिळायचं, "पुनं दोन नंबर. अठी मी मजेत हाओ."

गेल्या हिवाळ्यात प्रशांतच्या ऑफिसनं त्याला काही महिने परदेशी धाडलं. बायकोमुलं बरोबर निघाली, कुत्र्याचा प्रश्न उरला. प्रशांत गाडी घेऊन नेरला आला आणि त्यानं बापाच्या अंगणात एक टोपली उघडली. आतून निघालेला जीव बघून देवरावजी दोन पावलं मागं सरले. काळं तोंड, बाहेर आलेले डोळे, नाक जवळजवळ नाहीच, आणि कपाळावर जगाची चिंता करून पडाव्यात तशा वळ्या.

"याले दारात चेमटवलं का कोनी?"

"पग जातीचा हाय, बाबा. याइचं तोंडच असं चपटं राह्यते. ब्रूनो नाव हाय."

देवरावजींनी वाकून पाठीचे केस चिमटीत धरले, ओढून पाहिले. कपाळाची वळी दाबून पाहिली. "फरदड," ते म्हणाले. "धागा आखूड, माल सुरकुतलेला. पुन्यावरून येवढ्या दूर हे आनलं काहून?" प्रशांतनं जेवण होताच गाडी फिरवली. बापानं विचार बदलायच्या आत जिल्ह्याबाहेर पडावं, असं त्याला वाटलं असणार.

ब्रूनो हे नाव दुसऱ्याच दिवशी गेलं. गोल, गुबगुबीत, म्हणून देवरावजींनी त्याला बोंड्या म्हणायला सुरुवात केली, कापसाच्या बोंडावरून. बोंड्याकडून त्यांच्या अपेक्षा साध्या होत्या. कुत्र्यानं भुंकावं, अंगणात झोपावं आणि भिंतीवर वानरं आली तर हाकलावीत. बोंड्या भुंकत नसे. वानरं आली की तो गोल शेपटी हलवून त्यांचं स्वागत करी. आणि अंगणात झोपणं त्याला साफ नामंजूर होतं. देवरावजी ज्या खोलीत जातील त्या खोलीत तो मागोमाग जाई आणि त्यांच्या पावलांवरच बूड टेकून बसे. ते चिडत. "सरक न बे! मानूस हाओ मी, पाट नोहे!" बोंड्या वर बघे, सुस्कारा सोडी आणि आणखी रेलून बसे. सकाळी देवरावजी बुद्धवंदनेला बसले की हा शेजारी पसरून घोरू लागे. बाहेर मला आधी त्रिसरण ऐकू येई आणि मग करवत चालल्यासारखा आवाज.

तोंडावरच्या वळ्या रोज पुसाव्या लागतात, नाहीतर आत घाण साठते, असं प्रशांतनं फोनवर सांगितलं. देवरावजींनी औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणली, धागा ओढून पाहिला आणि दुकानदाराला परत नेऊन दिली. मग ओळखीच्या जिनिंग कारखान्यातून लांब धाग्याचा, एकही काडी नसलेला कापूस आणला. दुपारी ओट्यावर कुत्र्याला मांडीवर घेऊन ते एकेक वळी उघडून पुसत. मी बघतेय असं दिसलं की म्हणत, "पोराचा माल हाय. जसा देल्ला तसा वापस करावा लागते."

आता मुख्य गोष्ट सांगते. मार्च लागला आणि बोंड्याचा घरघराट वाढला. ऊन जसं चढे तशी त्याची छाती वाजे. देवरावजींनी त्याच्या बरगडीला कान लावला, डोळे मिटले आणि निदान केलं. जन्मभर त्यांना एकच आजार माहीत होता आणि त्यावर एकच औषध.

रविवार होता. मी दुपारी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेले, तर पलीकडच्या गच्चीवर देवरावजी डोक्याला दुपट्टा बांधून बसलेले. समोर रिकामं पोतं अंथरलेलं आणि त्यावर बोंड्या आडवा. कापूस पालटावा तसे ते त्याला मधूनमधून कुशीवरून कुशीवर करत होते.

"काकाजी, हे काय करून राह्यले?"

"छातीत ओलावा हाय याच्या. उन्हात पसरवला. पाहा न बाई, निंगून राह्यला सारा. तोंडातून पानी कसं गयून राह्यलं!"

बोंड्याची जीभ बाहेर लोंबत होती आणि तिचा रंग जांभळा झाला होता. मी ओरडले. देवरावजींनी त्याला उभं केलं, तर त्याचे चारही पाय चार दिशांना गेले. त्यानंतर आम्ही कसे खाली आलो ते मला आठवत नाही. मी स्कूटी काढली. मागे देवरावजी अनवाणी, मांडीवर ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेला बोंड्या. सगळ्या रस्ताभर ते माझ्या कानाशी एवढंच म्हणत होते, "बाई, जल्दी. बाई, जल्दी."

गुरांच्या दवाखान्यात सुटीच्या दिवशीही एक गाय आणि दोन शेळ्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण, गाय सोडून धावत आल्या. बोंड्याच्या पोटावर, पंजांवर पाणी ओतलं, पंखा त्याच्यावर वळवला, सलाईन लावलं. बऱ्याच वेळानं त्याची जीभ पुन्हा गुलाबी दिसू लागली आणि तो ओळखीचा घरघर आवाज सुरू झाला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"काकाजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आवाज ओलाव्याचा नाही. याला नाक जेमतेम, श्वासाची वाट अरुंद. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, याला तेच नीट जमत नाही. तो जन्मभर असाच वाजणार. पण ऊन त्याचा वैरी आहे. आणखी थोडा वेळ गेला असता तर हातचा गेला असता."

देवरावजी पायरीवर बसले. "जनमभर लोकायचा माल पाह्यला, बाई," ते मला म्हणाले. "घरचा नाही पाहता आला." आणि ते रडू लागले. सुमनकाकूंच्या वेळीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. शेळीवाला बिचारा त्यांना पाणी देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी त्या घरात कूलर लागला. आमच्याकडच्या लोकांना यातलं नवल कळेल. भीमजयंती झाल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, हा देवरावजींचा नियम होता. काकूंनी किती उन्हाळे त्यावरून भांडण केलं होतं. आता मार्चमध्येच कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या, आणि वारा थेट जमिनीवर, बोंड्याच्या उंचीला. फिरणं उजाडायच्या आधी आणि दिवस बुडाल्यावर. रस्ता तापलाय का, ते देवरावजी आधी स्वतःचा तळहात टेकवून बघत. दूधवाला एकदा हसून म्हणाला, "काकाजी, फरदड कशी हाय?" देवरावजींनी भांडं खाली ठेवलं. "त्याची प्रत लावत नाही म्या," ते म्हणाले. "तूबी लावू नोको."

कुंपणावरच्या गप्पा वाढल्या. आता "मजेत" म्हणून आत जाण्याऐवजी ते थांबू लागले. बोंड्यानं भाकर कशी खाल्ली, वीज गेली तेव्हा पुठ्ठ्यानं वारा घालून हात कसा दुखला, झोपेत तो पाय कसे झाडतो. बोलता बोलता एकदा अचानक सुमनकाकूंचं नाव आलं. तरी ते पुढं बोलत राहिले. मला बरं वाटलं.

एप्रिल संपता संपता प्रशांत परत आल्याचा फोन आला. तो कुत्रा न्यायला येणार होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, की इथला मे, त्यात वीज जाणं-येणं, या जातीला अवघड आहे. ते देवरावजींना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"ठेवून घ्या ना काकाजी. प्रशांत नाही म्हणणार नाही," मी म्हटलं.

"माह्या मनासाठी त्याचा जीव घालवू का मी?" ते म्हणाले आणि बोंड्याच्या वळ्या पुसत राहिले.

प्रशांत आला, एक दिवस राहिला आणि ऊन व्हायच्या आत निघाला. मी निरोप द्यायला फाटकाशी गेले होते. देवरावजींनी कापसाची पिशवी, ओला टॉवेल, पाण्याची बाटली सगळं गाडीत ठेवलं. एसी कुठवर ठेवायचा, कुठं थांबायचं, थांबल्यावर काच किती उघडायची, हे सांगितलं आणि पुन्हा सांगितलं. बोंड्या पुढच्या सीटवर बसून काचेतून त्यांच्याकडे बघत होता. देवरावजी त्याच्याकडे बघत नव्हते. "ने बापा. सांभायून ने," एवढं म्हणून ते ओट्याकडे वळले.

गाडी सुरू झाली. ती वळणाशी पोचायच्या आत देवरावजी परत फिरले आणि चक्क धावले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी काचेवर थाप मारली. प्रशांतनं काच खाली केली.

"काही राह्यलं का, बाबा?"

देवरावजींना दम लागला होता. दाराला धरून ते उभे राहिले.

"प्रशांत, मले एकट्याले करमत नाही रे," ते म्हणाले. "तुही माय गेल्यापासून करमत नाही."

प्रशांतनं गाडी बंद केली. खाली उतरला. लहान पोरासारखा त्यानं बापाच्या शर्टाला हात लावला.

"मले तं वाटे, बाबा, तुमाले एकटंच बरं वाटते."

"मलेबी तसंच वाटे," देवरावजी म्हणाले.