बुर्गीच्या निरोपाची बस

हंगाम सुरू होताना बुर्गीनं गावच्या खानावळीत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "मला घरी बसवणारा अजून जन्माला यायचाय." वय तेहेतीस, एकाच गुडघ्याची तीन ऑपरेशनं, आणि धंदा म्हणजे पायांत स्की बांधून ताशी सव्वाशेच्या वेगानं बर्फाच्या डोंगरावरून खाली येणं. तेरा वर्षांत सगळ्यात मोठं यश म्हणजे एकदा आलेला नववा नंबर. तरी ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या त्या एवढ्याशा गावात तिच्या चाहत्यांचं रीतसर मंडळ होतं. निवृत्त पोस्टमन कॉर्बिनिआनकाका त्याचे अध्यक्ष. मंडळाकडे झेंडे होते, गाईच्या गळ्यातल्या मोठाल्या घंटा होत्या, आणि वाजवण्यासारखं फारसं काही घडत नव्हतं.

मार्चपर्यंत मुठीतला जोर ओसरला. हंगामभर ती एकदाही पहिल्या विसात आली नाही. कोच लुट्झनं तिला बाजूला घेतलं.

"शेवटची शर्यत आपल्याच खोऱ्यात आहे," तो म्हणाला. "पहिल्या विसात आलीस तर पुढच्या वर्षी संघात. नाहीतर..." तो टोपी सारखी करत बसला.

"येणार," बुर्गी म्हणाली. आणि ती नुसतं म्हणून थांबणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून तिनं त्या गुडघ्याला असं कामाला लावलं, की त्याला बोलता येत असतं तर त्यानं राजीनामाच दिला असता.

घोटाळा झाला तो झग्यापायी. बुर्गीच्या बहिणीनं ग्राझला लग्न ठरवलं होतं आणि गावाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती. कळलं असतं तर पन्नास पानं वाढली असती. त्या लग्नासाठी बुर्गी आईचा घेरदार सणाचा झगा घेऊन झेंझीमावशीकडे गेली. मावशी गावची शिंपीण.

"मांड्यांपाशी जरा सैल कर, मावशी. आणि पुढच्या आठवड्यात हवाय."

"कशासाठी ग?"

"आहे एक काम. कुणाला बोलू नकोस."

आता स्कीवाल्यांत एक रीत आहे. जी कायमची थांबणार, ती शेवटच्या शर्यतीत घट्ट रेससूट घालत नाही. सणाचा झगा घालून, वाटेत थांबत, लोकांना मिठ्या मारत, हात हलवत ती सावकाश खाली येते. शर्यतीच्या तोंडावर कुणी मांड्यांपाशी सैल झगा मागितला, आणि वर कुणाला बोलू नकोस म्हणाली, तर मावशीनं काय समजायचं? बाई डोळे पुसत उठली आणि तडक बेकरीत गेली.

बेकरीतून बातमी कॉर्बिनिआनकाकांकडे पोचली. काकांनी ताबडतोब गावाला शर्यतीला न्यायला बस ठरवली, बँड सांगितला आणि तीन थरांचा केक मागवला. गावातली माणसं बुर्गीकडे बघून हुंदके गिळायला लागली. तिला वाटलं, माझी जिद्द बघून भारावलेत. ती आणखी जोरात पळायला लागली.

शर्यतीच्या दिवशी सुटायच्या क्रमात बुर्गीचा नंबर होता चौतिसावा. वर शर्यत सुटते त्या झोपडीशी ती अंग गरम करत होती, तोवर नवव्या नंबरची मुलगी सुटलीही होती. एवढ्यात फेर्डल आला. तिच्या स्कींना धार लावायची, तळाला मेण लावायचं, हे सगळं फेर्डलचं काम. त्याचे डोळे लाल होते आणि हातात सरावाची जुनी, मऊ जोडी होती.

"माझी रेसची जोडी कुठाय?" बुर्गीनं विचारलं.

"खाली. फुलं लावून ठेवलीय. फोटोसाठी."

"कसला फोटो?"

"निरोपाचा," फेर्डल म्हणाला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. "झगा आत घातलायस का?"

बुर्गीला सगळा उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. मग तिनं फेर्डलचा वॉकीटॉकी हिसकावून घेतला. त्याचा जोडीदार खाली काकांकडे होता.

"कॉर्बिनिआनकाका, माझ्या स्की वर पाठवा. आत्ता."

"अगं, पण हार घातलेत त्यांना."

"हारासकट पाठवा!"

खालून वर यायला तारेवरच्या पाळण्याला बारा मिनिटं लागत. सोळावी सुटली, अठरावी सुटली. एकविसावी सुटल्यावर पाळण्यात बसून स्की आल्या. दोघीच, ताठ, पुढचा दांडा नीट खाली घेतलेला, अंगभर पाइनच्या डहाळ्या, फुलं आणि लाल रिबिनी. नवरा-नवरी वरातीत यावेत तशा आल्या. मावशीनं सगळं तारेनं बांधलं होतं आणि मावशीचं काम पक्कं असतं. फेर्डल पकडीनं तारा तोडत होता.

"मेण?" बुर्गीनं विचारलं.

"लावलंय ग. आजवरचं सगळ्यात भारी. फोटोत तळ चमकायला नको?"

बत्तिसावी गेली, तेहेतिसावी गेली. शेवटची तार तुटली आणि बुर्गीनं स्वतःला उताराच्या स्वाधीन केलं.

तिला भीती वाटायला सवड नव्हती, कारण ती भयंकर चिडली होती. वरच्या वळणावर जाळीपलीकडे काकांचा भाऊ घरच्या नाशपातीच्या दारूचे पेले ताटात घेऊन उभा होता. थांबेल, एक घोट घेईल, गळ्यात पडेल, असा त्याचा हिशेब. ती अशी गेली की त्याची टोपी उडाली. गुडघा कळवळला, तिनं लक्ष दिलं नाही. खाली बँडवाले ती आरामात येणार म्हणून सॉसेज खात बसले होते. ट्रम्पेटवाल्याच्या तोंडात घास असतानाच ती रेषा ओलांडून केकपासून हातभर अंतरावर थांबली.

फळ्यावर आकडा आला. एकोणिसावी.

अजून अकराजणी यायच्या होत्या. काका, मावशी, अख्खी बस आणि बुर्गी, सगळे फळ्याकडे बघत उभे राहिले. चाळिसाव्या नंबरची एक पोरगी पुढे निघून गेली. बुर्गी विसावी. मग एकेक जण येत गेली आणि मागेच राहिली. शेवटची आली तेव्हा मावशीनं बुर्गीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. तीही मागेच राहिली.

कोच लुट्झनं टोपी काढली. "पुढच्या वर्षी भेटू," एवढंच म्हणाला. बुर्गी बर्फातच बसली आणि खरंखुरं, आवाज काढून रडली.

"म्हणजे तू थांबत नाहीस?" काका जरा हिरमुसले होते. "आता या केकचं काय करू?" त्यावर गुलाबी अक्षरांत 'आता आराम कर, बुर्गी' असं लिहिलेलं होतं.

"कापा," बुर्गी म्हणाली. "फक्त माझं नाव मला द्या."

ग्राझच्या लग्नात मात्र पंचाईत झाली. स्की करताना पाय फाकता यावेत म्हणून मावशीनं झग्याला दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत चिरा देऊन वर टिचबटणं लावली होती. पहिल्याच गिरकीला ती सगळी एकदम सुटली. बुर्गीनं तिथल्या तिथं ठरवलं, यापुढे शिंपिणीचं तोंड बघायचं नाही. घरी परतल्यावर तिनं मशीन आणलं आणि खिडकीशी बसून तो झगा स्वतः शिवायला घेतला.

गावानं खिडकीतून पाहिलं. बुर्गी घरी बसून शिवणकाम शिकतेय, म्हणजे काय ते उघड होतं. कॉर्बिनिआनकाकांनी डोळे पुसले आणि बसवाल्याला फोन लावला.